आपली तारीख कोणी लिहिली?



रेडिओवर सकाळी दिनविशेष लागतो. आज कोण जन्मले, आज कोण गेले, आज कोणती घटना घडली. आपण भांडी घासता घासता ऐकतो, डबा भरता भरता ऐकतो, आणि दुपारपर्यंत विसरतो. आज आम्ही त्या दिनविशेषावरच बोलणार आहोत, पण थोड्या वेगळ्या अंगाने. दिनविशेषात नाव यायला काय लागते? मोठे काम लागते, हे खरे. पण त्याच्याही आधी एक साधी गोष्ट लागते. तारीख लागते. आणि ती तारीख कोणीतरी, कुठेतरी लिहून ठेवलेली असावी लागते.

हा विषय आम्हाला सुचला तो पुस्तकातून नाही, फॉर्म भरता भरता. आमच्या एका गटात विम्याचे फॉर्म भरायचे होते. सगळ्याजणींची आधार कार्डे आणि शाळेचे दाखले सतरंजीवर मांडले होते. पहिल्या ताईची जन्मतारीख १ जुलै. दुसरीची १ जुलै. तिसरीची १ जून. चौथीची पुन्हा १ जुलै. पाचव्या वेळी सगळ्याजणी हसायला लागल्या. एक ताई म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात जागाच उरली नसेल!" आम्हीही हसलो. कारण आमच्यातही १ जुलैवाल्या आहेत.

हे कसे झाले ते आपल्याला माहीत आहे. पूर्वी पोरगी शाळेत घालायला बाप नाही तर आजोबा जायचे. गुरुजी विचारायचे, जन्म केव्हाचा? आजोबा सांगायचे, रोवण्याच्या दिवसातली आहे. साल? ते काही सांगता येत नसे. मग गुरुजी पोरीला डोक्यावरून हात न्यायला लावायचे. उजव्या हाताने डावा कान धरता आला की पोरगी शाळेच्या वयाची झाली. शाळा जून-जुलैत उघडायची. गुरुजी तिथून सहा वर्षे मागे मोजायचे आणि लिहायचे १ जून नाही तर १ जुलै. यात गुरुजींची लबाडी नव्हती. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. पण त्या एका रकान्याने आपल्या सगळ्यांचे जन्म एकाच दिवशी आणून ठेवले.

हसून झाल्यावर त्याच बैठकीत एक ताई उठली. तिच्या सासूबाईंचे काम अडले होते. आजी थकल्या आहेत, हात-पाय चालत नाहीत. श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा तर वय ६५ पूर्ण लागते. आजी शाळेत कधी गेल्याच नाहीत, म्हणजे दाखला नाही. आधार कार्डावर तारीखच नाही, नुसते जन्माचे साल आहे, १९६४. कार्ड काढताना कोणीतरी तोंडाकडे पाहून अंदाजाने वय सांगितले, तेच छापून आले. त्या हिशोबाने आजींची पासष्टी अजून आलेली नाही. पण आजींकडे बघून कोणीही सांगेल की हा हिशोब चुकला आहे.

आम्ही आजींनाच जाऊन विचारले. आजी, तुमचा जन्म केव्हाचा? आजी म्हणाल्या, "माय सांगे, भंडाऱ्याच्या निवडणुकीला बाबासाहेब उभे होते, त्या साली रोवण्यात झाली म्हणून."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. कारण ही तारीख कोणालाही काढता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते १९५४ साली. ती निवडणूक ते हरले. पण आपल्या जिल्ह्याने त्यांचे उमेदवार म्हणून उभे राहणे पाहिले आहे, आणि गावागावांतल्या माणसांनी ते साल मनात ठेवले. निवडणूक उन्हाळ्यात झाली आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात, धान रोवायच्या दिवसात, आजी जन्मल्या. म्हणजे जुलै-ऑगस्ट १९५४. आधार कार्डापेक्षा आजी तब्बल दहा वर्षांनी मोठ्या निघाल्या.

आणि एक गंमत पाहा. १९५४ मध्ये आपला भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आजी मध्य प्रदेशात जन्मल्या, मुंबई राज्यात अंगणात खेळल्या, महाराष्ट्रात वाढल्या, आणि यातल्या एकाही वेळी त्यांनी जिल्हा सोडला नाही. राज्याच्या सगळ्या तारखा पक्क्या लिहिलेल्या आहेत. आजींची तेवढी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, आजीच्या आईने सांगितलेली गोष्ट, तिच्यावर काय विश्वास? तर आम्ही तुम्हाला फार मोठ्या माणसाचे उदाहरण सांगतो. शिवाजी महाराजांचे.

महाराजांची जयंती आपण १९ फेब्रुवारीला करतो. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत ही तारीख नव्हती. तेव्हा बहुतेक जण वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरत. जवळपास तीन वर्षांचा फरक! एवढ्या मोठ्या राजाच्या जन्मात. मग उलगडा कसा झाला? भोरजवळ कारी नावाचे गाव आहे. तिथे जेधे देशमुखांचे घराणे. त्यांच्यातले कान्होजी जेधे महाराजांचे जुने साथी. या घराण्यात कोणीतरी एक यादी लिहून ठेवली होती. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडले, एवढेच. तिला जेधे शकावली म्हणतात. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली, छापली गेली, आणि तिच्यात महाराजांच्या जन्माची तिथी निघाली. अभ्यासकांनी ती इतर कागदांशी ताडून पाहिली, वाद झाले, समित्या बसल्या, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. आजही काही जण तिथीने जयंती करतात, काही तारखेने.

यातून आम्ही एक गोष्ट घेतली. राजाची तारीख सापडली ती एका खेड्यातल्या घरात जपलेल्या कागदामुळे. शकावली म्हणजे काय, तर आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाय व्याली, गॅस लागला, दुधाचा खाडा झाला असे लिहितो, त्याचीच मोठी बहीण. लिहिणाऱ्याने इतिहास लिहितो आहे असे म्हटले नसेल. पण लिहिले म्हणून उरले.

आता बायकांकडे येऊ. दिनविशेषात बायका आहेत. ३ जानेवारी १८३१, सावित्रीबाई फुले यांचा जन्म, साताऱ्याकडच्या नायगावात. हा दिवस आपण बालिका दिन म्हणून करतो. १० मार्च १८९७, सावित्रीबाईंचे निधन. पुण्यात प्लेग होता, त्या रुग्णांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. १२ जानेवारी, जिजाऊंची जयंती, आपल्याच विदर्भातल्या सिंदखेडराजाला मोठी जत्रा भरते. ३१ मे १७२५, अहिल्याबाई होळकर यांचा जन्म. ३१ मार्च १८६५, डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म.

आनंदीबाईंची गोष्ट थोडी थांबून सांगाविशी वाटते. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळंतिणीला आणि बाळाला पाहायला बाई डॉक्टर नव्हती. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले, अमेरिकेला गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षे पूर्ण व्हायच्या आत, त्या वारल्या. त्यांच्या जन्माचा आणि मृत्यूचा दिवस आपल्याला पाठ आहे. पण त्या दहा दिवसांच्या बाळाचा दिवस कोणत्याही दिनविशेषात येत नाही. खरे तर त्या बाळाच्या जाण्यानेच हा इतिहास सुरू झाला.

आणि काही बायका अशा आहेत, ज्यांचे काम मोठे आहे पण तारीख नाही. विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर आपले मूल मारल्याचा खटला चालला. वर्तमानपत्रांत तमाम बायकांना नावे ठेवणारे लिखाण येऊ लागले. ताराबाई चिडल्या. त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' नावाचे पुस्तक छापले आणि सरळ विचारले, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? दीडशे वर्षे होत आली त्याला. पुढे ते पुस्तक लोक विसरले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढले, तेव्हा ताराबाईंचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. त्यांच्या जन्माचे साल १८५० सांगतात. पण दिवस? महिना? नुसत्या सालाला दिनविशेषात जागा नसते. त्यामुळे वर्षाच्या ३६५ दिवसांत ताराबाईंचा एकही दिवस येत नाही.

तशीच मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांच्या आसपासची पोरगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. निबंध छापून आला म्हणून ती आपल्याला माहीत आहे. पुढे तिचे काय झाले, कोणत्या गावी दिली, किती जगली, याबद्दल सांगण्यासारखे हाती काही लागत नाही. एका पोरीच्या आयुष्यातला एक निबंध उरला, कारण तेवढाच छापला गेला.

मग आपल्या आज्या, पणज्या काहीच लक्षात ठेवत नव्हत्या का? ठेवत होत्या. फक्त त्यांचे कॅलेंडर वेगळे होते. पऱ्हे टाकले तेव्हाची, रोवण्यातली, धान कापणीतली, मंडईच्या आदल्या दिवशीची, पोळ्याची, नागपंचमीची. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा, असे सांगतात. ते कोणी रजिस्टरात पाहून सांगितले नव्हते, सण लक्षात होता म्हणून सांगितले. त्याच्या आधीच्या पिढ्या १९१८ च्या मानमोडीच्या तापावरून वय मोजत. "मानमोडीत माझी आई गेली, तेव्हा मी अंगावर पीत होतो," असे म्हातारे सांगत. जनगणना करणाऱ्यांनाही हाच अनुभव यायचा. लोक वय सांगताना वीस, पंचवीस, तीस, चाळीस असे गोल आकडे सांगत. एकोणतीस वर्षांचे कोणी नसायचेच.

सणावरून दिवस लक्षात राहतो, पण त्यात एक अडचण आहे. नागपंचमी दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. कधी जुलैच्या शेवटी, कधी ऑगस्टच्या मध्यात. साल माहीत असेल तर जुन्या पंचांगातून तारीख काढता येते. साल हरवले की तारीख हरवते. म्हणून तिथी आणि साल, दोन्ही हवे.

आपल्या भागातले एक उदाहरण घ्या. वैनगंगा ओलांडून पलीकडे ब्रह्मपुरी, आणि त्याच्या पुढे चिमूर. १९४२ सालच्या नागपंचमीला चिमूरला उठाव झाला. ती नागपंचमी १६ ऑगस्टला होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी माणसे पेटली होती. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, लोकांनीही सरकारी अधिकारी मारले. मग चिमुरात फौज आली. आणि फौजेने घरात शिरून बायकांवर अत्याचार केले. नागपूरहून काही स्त्री कार्यकर्त्या चिमूरला गेल्या, तिथल्या बायकांचे म्हणणे त्यांनी ऐकले आणि बाहेर सांगितले. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. आष्टी आणि चिमूरच्या ज्या माणसांना फाशी सुनावली होती, त्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे खपल्या. १६ ऑगस्ट दिनविशेषात येतो, आणि यायलाच हवा. पण त्या दिवसांत चिमूरच्या ज्या बायकांनी सोसले आणि लाज बाजूला ठेवून तोंड उघडले, त्यांची नावे किती जणींना माहीत आहेत? आपल्यापासून एवढ्या जवळचे गाव, पण आम्हालाही ती कोणी शिकवली नाहीत.

आमच्या आजींच्या कामाकडे परत येऊ. एका जाणत्या माणसाने आम्हाला सांगितले, कोतवाल बुक पाहा. आपल्या भागात जन्म-मृत्यूची जुनी नोंद गावचा कोतवाल ठेवायचा. कोणाच्या घरी काय झाले ते त्याच्या वहीत चढायचे. त्याला लिहिता येत नसेल तर गावातल्या लिहिणाऱ्याकडून तो भरून घ्यायचा. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक जी कोतवाल बुकाची नक्कल काढतात, ती हीच. आपला लाखांदूरचा भाग पूर्वी साकोली तहसिलात होता, त्यामुळे जुने कागद शोधताना गावाची जुनी तहसील कोणती हेही माहीत असावे लागते. आजींचे माहेर याच भागातले. नातवाने अर्ज केला, नक्कल निघाली.

नोंद होती. जुलै १९५४. आजींच्या वडिलांचे नाव, जात, गाव, आणि पुढे एक शब्द. मुलगी.

एवढेच. नाव नाही. आईचे नाव नाही. त्या घरात आजी आणि त्यांच्या एक बहीण अशा दोघीजणी. आता ही मुलगी म्हणजे आजीच, हे कसे दाखवायचे? बहीण किती वर्षांनी धाकटी, तिची नोंद कुठे, गावात आजींना लहानपणापासून ओळखणारे कोण उरले आहे, असे एकेक धागे जोडायचे काम सध्या सुरू आहे. अर्ज दिला आहे. अजून निकाल लागलेला नाही. कोणावर रोष करून उपयोग नाही. समोरच्या बाबूलाही कागद लागतो. पण आजी रोज विचारतात, "माझं झालं का गं?" आणि आम्हाला त्यांना सांगता येत नाही की तुमचा जन्म सापडला, तुमचे नाव तेवढे सापडले नाही.

त्या दिवसापासून आम्ही आमच्या जिल्ह्याच्या तारखा एका वहीत लिहायला लागलो. छापील दिनदर्शिकेत ज्या क्वचित येतात, अशा.

२२ एप्रिल १९८८. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते. या धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. त्या गावांतल्या बायकांना विचारा, त्यांना आपले घर सोडल्याचा दिवस पाठ असतो.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका, मुले रोशन आणि सुधीर या चौघांची गावातल्याच जमावाने हत्या केली. ही तारीख लिहिताना आमच्या वहीत हात थांबला. एक ताई म्हणाली, हे कशाला लिहायचे, आपल्याच जिल्ह्याची बदनामी. दुसरी म्हणाली, लिहिले नाही तर त्या मायलेकी पुन्हा एकदा मारल्यासारख्या होतील. आम्ही लिहिले. चौघांची नावे लिहिली.

ऑगस्ट २०२० चे शेवटचे दिवस. वैनगंगेला महापूर. जिल्ह्यात घराघरांत पाणी शिरले, बांध्या वाहून गेल्या, हातातोंडाशी आलेले धान गेले. पुढे जन्मलेल्या लेकरांच्या आया आता सांगतात, "पुराच्या पुढच्या वर्षीचा." आपल्या डोळ्यांसमोर नवीन मानमोडी, नवीन निवडणूक तयार झाली.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळे होती. सात वाचली. दहा गेली. यातल्या कित्येकांचे बारसेही झाले नव्हते. फलाणीचे बाळ, एवढीच त्यांची ओळख. आनंदीबाईंच्या दहा दिवसांच्या बाळासारखी. त्या आयांपुरता तो दिवस दरवर्षी येतो. आपणही तो त्यांच्यासोबत लक्षात ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. हा दिवस छापील दिनदर्शिकेत असतोच, पण आमच्या वहीतही आहे, कारण आमच्या कितीतरी घरांतली माणसे त्या दिवशी नागपूरला होती. तो दसऱ्याचा दिवस होता. म्हणून आजही दीक्षाभूमीवर लोक दसऱ्यालाही जातात आणि १४ ऑक्टोबरलाही. तिथी आणि तारीख दोन्ही जपली की दिवस हरवत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

आता कामाचे बोलू. कारण नुसते हळहळून आजींचा अर्ज पुढे सरकत नाही.

जन्म आणि मृत्यूची नोंद करण्याचा कायदा १९६९ चा आहे आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. बाळंतपण दवाखान्यात झाले तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाले तर घरच्यांची. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर पैसे लागत नाहीत. त्यानंतर उशिराचे शुल्क लागते, आणि एक वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. म्हणजे २१ दिवसांत जे काम एका फेरीत होते, त्याला वर्षानंतर किती फेऱ्या, हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारा.

बाळाचे नाव ठरले नसले तरी जन्माची नोंद करा. नाव नंतर घालता येते, पंधरा वर्षांपर्यंत. पण नाव ठरले की ते घालून घ्या, विसरू नका. नाही तर पुन्हा तेच, नुसती "मुलगी".

१ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झाला आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे. डोक्यावरून हात नेऊन कान धरायचे दिवस संपले. आधार कार्ड ओळखीसाठी आहे, ते जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही, हेही लक्षात ठेवा. आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून हातात पक्का कागद असल्याशिवाय घाईने बदलायला जाऊ नका.

मृत्यूची नोंदही तितकीच महत्त्वाची. नवरा गेल्यावर बाई दुःखात असते, तिला तारखेचे भान नसते. पण वारस नोंद, विमा, निराधार योजना, सगळ्याला मृत्यूचा दाखला पहिला लागतो. अशा वेळी गटातल्या एकीने सोबत जाऊन २१ दिवसांत नोंद झाली की नाही हे पाहावे. सांत्वनाला जातो, तेव्हा हेही काम आपलेच समजावे.

आणि एक चांगली गोष्ट सांगतो. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव असे सरकारी कागदांवर लिहायचे, असा शासनाचा निर्णय आहे. ज्या कोतवाल बुकात आजींच्या आईला जागा नव्हती, त्या नोंदीत आता आई आली. तिथवर पोचायला सत्तर वर्षे लागली.

शेवटी आपल्या गटाकडे येतो. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि पाचवे, नोंदी. पाचव्याचा आपल्याला कंटाळा येतो. इतिवृत्त लिहायचे म्हटले की एकमेकींकडे बघतो. पण विचार करा, आपल्या गावात बायकांच्या नावाची, तारीख घातलेली, सह्या-अंगठ्यांची एवढी सलग वही दुसरी कोणती आहे? कोण आली, कोण बाळंत झाली म्हणून आली नाही, कोणी बियाण्यासाठी कर्ज उचलले, कोण वारली आणि तिची बचत कोणाला दिली, हे सगळे तिच्यात आहे. जेधे शकावली तरी वेगळी काय होती?

म्हणून आमच्या गटांनी ठरवले आहे, आणि तुम्हालाही विनंती आहे. रजिस्टरची शेवटची चार पाने मोकळी ठेवा. प्रत्येकीचे नाव, तिच्या आईचे नाव, माहेरचे गाव लिहा. कागदावरची जन्मतारीख लिहा आणि तिच्या शेजारी आईने सांगितलेली खूण लिहा, रोवण्यातली की मंडईतली, कोणत्या पुराची, कोणत्या निवडणुकीची. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून त्यांचेही लिहा. हे काम पुढच्या बैठकीवर टाकू नका. म्हातारी गेली की तिच्यासोबत दहा जणांच्या तारखा जातात.

या लिहिण्याने सरकारी काम लगेच होईल असे आम्ही म्हणत नाही. पण धागा शोधायला तरी काही हाती असेल.

परवा आम्ही आजींच्या घरी गेलो होतो. कोतवाल बुकाच्या नक्कलेवर बोट ठेवून त्यांना दाखवले, हे तुमचे बाबा, हा जुलै महिना, आणि ही तुम्ही. आजींना वाचता येत नाही. त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवले आणि विचारले, "याच्यात माझ्या मायचं नाव कुठं आहे?" आम्ही म्हणालो, इथे नाही आजी. मग आम्ही गटाचे रजिस्टर उघडले, मागच्या पानावर आजींचे नाव लिहिले, आणि त्याच्यापुढे त्यांनी सांगितले तसे त्यांच्या आईचे. आजी म्हणाल्या, आता पुन्हा एकदा वाच. आम्ही वाचले.

पुढच्या वेळी दिनविशेष लागला की ऐका, आणि घरातल्या आजीला विचारा, तुमचा दिवस कोणता? आणि ती सांगेल ते लिहून घ्या.